प्रतिसाद: मेणबत्त्यांसाठी ओट्याची मांडणी

ओटा लहान आहे, मेण वितळवताना सगळा पसारा होतो, असं तुम्ही लिहिलंय. मीही दोन वर्षं मेणबत्त्या ओट्यावरच करतेय. जागेपेक्षा क्रम महत्त्वाचा, हे मला उशिरा कळलं. डावीकडे वजनकाटा आणि मेण, मध्ये शेगडी, उजवीकडे ग्लासांत मेण ओतायची जागा. गरम भांडं हातात घेऊन मागे वळायची वेळच येऊ नये.

ओतायची जागा मात्र पंख्याखाली नको. माझ्या पहिल्या दहा ग्लासांत वातीभोवती खड्डे पडले होते. वारा लागून वरचं मेण आधी गोठलं आणि आतलं नंतर आकसलं. आता पंखा बंद करते, ग्लास आधी कोमट करून घेते आणि दोन ग्लासांत बोटभर अंतर ठेवते.

वाती मेण वितळायच्या आधीच ग्लासांच्या तळाशी चिकटवून, कपड्यांच्या चिमट्यात मधोमध धरून तयार ठेवा. सुगंधी तेलही आधीच मोजून ठेवा, १०० ग्रॅम मेणाला ६ ग्रॅम मी घालते. ऐन वेळी शोधाशोध झाली की मेण थंड होतं.

मेण थेट आचेवर नको, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा. पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण टाका. ते झाकण हाताशीच हवं.

आणि उरलेलं मेण सिंकमध्ये कधीच नाही! पाइपात गोठून बसतं. भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या.