डॅलसच्या उत्तरेला हायस्कूल: ॲलन, प्लेनो की फ्रिस्को? (सल्ला हवा आहे)

मृण्मयी_प
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झालीय, जूनमध्ये पुण्याहून डॅलसला येतोय, निदान तीन वर्षांसाठी. ऑफिस प्लेनोत आहे. लेक आत्ता सीबीएसई नववीत आहे, म्हणजे ऑगस्टमध्ये तिकडच्या दहावीत बसेल.

भाड्याचं घर शाळा बघून घ्या, असं जो तो सांगतोय. ॲलनच्या हायस्कूलमध्ये पाच हजारांवर मुलं आहेत म्हणे! आमच्या अख्ख्या सोसायटीत एवढी डोकी नाहीत. त्यात लेक अबोल. एका साइटवर शाळेला दहापैकी नऊ, दुसरीवर त्याच शाळेला 'बी'. नेमकं काय बघायचं? आणि जिथे आपली मुलं जास्त तिथे जावं की मुद्दाम टाळावं?

लोनस्टार_लोणचं
मृण्मयीताई, स्वागत. सतरा वर्षं याच पट्ट्यात काढलीत, दोन मुलं इथल्याच सरकारी शाळांतून बाहेर पडली. जरा लांबण लावतो.

आधी पत्ता. इथे शाळा पत्त्यावर ठरते, आणि शहराची हद्द वेगळी, स्कूल डिस्ट्रिक्टची (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाची) वेगळी. फ्रिस्को शहरातली काही घरं प्रॉस्पर किंवा लुईसव्हिल डिस्ट्रिक्टमध्ये जातात, प्लेनो शहराचा एक तुकडा फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये आहे, ॲलनचा एक कोपरा प्लेनो डिस्ट्रिक्टमध्ये. घर दाखवणारा 'फ्रिस्को स्कूल्स' म्हणाला की मान डोलावू नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून स्वतः बघा, मगच सही करा.

आता शाळा. तुम्ही लिहिलेली तीन नावं म्हणजे तीन तऱ्हा आहेत.

ॲलनने अख्ख्या गावाला एकच हायस्कूल ठेवलं. नववीची मुलं वेगळ्या इमारतीत, दहावी ते बारावी मुख्य शाळेत, एकेका इयत्तेत साधारण १,७०० मुलं. २०१२ मध्ये या शाळेसाठी ६ कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम बांधलं, १८,००० माणसं बसतील एवढं. दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवून दुरुस्त करावं लागलं. शुक्रवारी रात्री तिथे मॅच बघायला एकदा तरी जा, शाळा म्हणजे काय याची आपली व्याख्याच बदलते.

फ्रिस्कोने उलटं केलं. एका शाळेत साधारण २,१०० च्या वर मुलं नकोत म्हणून शाळाच वाढवत नेल्या. २०२२ मध्ये पँथर क्रीक उघडली तेव्हा हायस्कुलं बारा झाली. लहान शाळेत संघात किंवा नाटकात जागा मिळायची शक्यता जास्त.

प्लेनोची गंमत निराळी. तिथे नववी-दहावीची हायस्कुलं वेगळी आणि अकरावी-बारावीची सीनियर हायस्कुलं वेगळी. जॅस्पर आणि शेप्टनची मुलं प्लेनो वेस्टला जातात, व्हाइन्स आणि क्लार्कची प्लेनो सीनियरला. म्हणजे तुमच्या लेकीला दोन वर्षांत दोन शाळा. ऐकायला वाईट वाटतं, पण अकरावीत सगळेच नव्या इमारतीत आलेले असतात, एकटी तीच नवी नसते. अबोल मुलीला हे सोयीचं पडू शकतं.

खारी_बिस्कीट
लोणचं यांनी भूगोल सांगितला, मी गणित सांगते.

टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे की आपल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. पण ऑस्टिनच्या विद्यापीठाला कायद्यानेच ही मर्यादा खाली आणायची मुभा मिळाली. बरीच वर्षं तिथे ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झालीय. टेक्सास ए अँड एममध्ये अजून १० टक्केच आहे.

ॲलनमधल्या १,७०० मुलांचे ५ टक्के म्हणजे ८५. फ्रिस्कोत ५०० च्या बॅचमध्ये २५. टक्का तोच. फरक पडतो तो उरलेल्या ९५ टक्क्यांत कोण बसलंय त्यामुळे. ज्या शाळेला दहापैकी दहा मिळालेत, तिथे निम्मा वर्ग एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय घेतलेल्या मुलांनी भरलेला असतो. आपण भाडं जास्त भरतो आणि तेच भाडं भरणाऱ्यांच्या मुलांशी लेकीची स्पर्धा लावून देतो! माझ्या मुलाला ९० च्या पुढे मार्क असूनही पहिल्या दहा टक्क्यांत जागा मिळाली नाही. शेजारच्या रिचर्डसनमध्ये यूटी डॅलसला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, डॅलस) गेला, मजेत आहे.

आणि थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, हव्या त्या शाखेत नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी वेगळी चाळणी लागते.

मृण्मयी_प
बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग ती रेटिंगं बघायचीच नाहीत का?

लोनस्टार_लोणचं
बघा, पण मूळ कागद बघा. टेक्सासच्या शिक्षण खात्याचा दर शाळेचा वार्षिक अहवाल निघतो, त्याला सगळे टॅपर म्हणतात. फुकट आहे. त्यात पट किती, कुठल्या वंशाची किती मुलं, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतली किती (सवलतीच्या जेवणाला पात्र असण्यावरून हे ठरतं), वर्षाच्या मध्ये शाळा बदलणारी किती, शिक्षक किती वर्षं टिकतात, सगळं असतं.

खाली स्टार या राज्याच्या सरकारी परीक्षेचे निकाल गटवार दिलेले असतात. 'अप्रोचेस' हा रकाना सोडून द्या, तो म्हणजे आपलं पस्तीस टक्के. 'मास्टर्स' (सगळ्यात वरची पातळी) बघा. आणि अख्ख्या शाळेची सरासरी बघू नका. प्लेनो ईस्टमध्ये गरीब आणि नुकतं इंग्रजी शिकणाऱ्या घरांतली मुलं प्लेनो वेस्टपेक्षा बरीच जास्त, म्हणून सरासरी खाली दिसते. त्याच ईस्टमध्ये डिस्ट्रिक्टचा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) कार्यक्रम चालतो. त्या वर्गांत बसणाऱ्या मुलीला सरासरीशी काय घेणं? सरासरीवरून आसपासची घरं कळतात, वर्ग कळत नाही.

खात्याचे ए ते एफ शेरे पण असतात. कोर्टकज्जांमुळे २०२३ आणि २०२४ चे शेरे थेट २०२५ मध्ये बाहेर आले. जुनी पानं अजून गूगलवर फिरतात, वर्ष बघून घ्या.

एडिसनचा_एकनाथ
'आपली मुलं जास्त' या प्रश्नावर न्यू जर्सीहून दोन शब्द. आमच्या शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो डिस्ट्रिक्टमध्ये २००७ मध्ये ४४ टक्के मुलं एशियन होती, २०१५ पर्यंत ६५ टक्के झाली. त्या वर्षी तिथले सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं: मुलं ताणाने आजारी पडताहेत. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, गृहपाठाविना काही रात्री ठेवल्या. पालकांत उभी फूट पडली. अभ्यास पातळ करताय, असं म्हणणाऱ्यांत आपलेच लोक पुष्कळ होते. मी स्वतः तेव्हा त्याच बाजूचा होतो, आता नाही.

चकली_भाजणी
टाळायचं कशाला? फ्रिस्कोत आता एशियन मुलं हाच सगळ्यात मोठा गट आहे आणि कॉपेलमध्ये तर निम्म्याहून जास्त. माझ्या लेकीला पहिल्या दिवशी डबा उघडताना लाज वाटली नाही, एवढ्यावर मी खूश. @एकनाथ, ताण पालक आणतात, पोळी-भाजी नाही.

एडिसनचा_एकनाथ
मान्य.

खारी_बिस्कीट
ताई, एक महत्त्वाचं राहिलं: गणित. इथे अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन अशी वेगवेगळी वर्षं असतात. आपल्याकडे सगळं एकत्र शिकवतात. इथली हुशार मुलं अल्जिब्रा एक सातवी-आठवीतच संपवतात. आमच्या शाळेतल्या (नाव नको) काउन्सेलरने भारतातली मार्कशीट बघून मुलाला पुन्हा अल्जिब्रा एकमध्ये बसवलं. एक वर्ष वाया, कॅल्क्युलसला उशीर, रँकमध्ये (शाळेतल्या क्रमांकात) पण मार. नंतर कळलं की परीक्षा देऊन क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) घेता येतं. न शिकलेल्या विषयाला ८० टक्के लागतात. टेक्सास टेकच्या या परीक्षा आहेत. नोंदणीच्या दिवशीच हा विषय काढा. आणि भारतातल्या नववीचे मार्क रँकमध्ये धरणार का, हे ईमेलवर लेखी घ्या, प्रत्येक डिस्ट्रिक्टचा नियम निराळा.

घरची भाषा विचारणारा फॉर्म येईल. मराठी लिहिलंत की लेकीची इंग्रजीची परीक्षा घेतात. कॉन्व्हेंटची मुलं चिडतात, पण अर्ध्या दिवसात सुटका होते. खोटं लिहू नका.

लोनस्टार_लोणचं
+१. अजून एक. प्लेनोत मुलं कमी होत चाललीत. घरं महाग, जुने रहिवासी म्हातारे, लहान मुलांच्या आईबापांना परवडत नाही. २०२४ मध्ये ठराव करून चार शाळा बंद केल्या, दोन प्राथमिक आणि दोन मिडल. हायस्कूलवाल्यांना झळ नाही, पण धाकटं भावंड असेल तर विचारून घ्या.

मृण्मयी_प
धाकटं नाही, एकच आहे :) काल रात्री तिघांनी मिळून चार टॅपर उघडले. ती स्वतःच म्हणाली, दोन शाळा चालतील, पण मुलं थोडी कमी असू देत. म्हणून सध्या जॅस्परच्या हद्दीत दोन बेडरूम शोधतोय, नवऱ्याचं ऑफिसही जवळ. जॉमेट्रीचं पुस्तक आजच मागवते. लसींचं काय लागतं?

चकली_भाजणी
टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वर) बहुतेक राहिलेल्या असतात, पुण्यातच घेऊन टाका. बाकी एमएमआर, पोलिओ, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह. भाडेकरार आणि विजेचं बिलही लागेल. लसींची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा, आमची चेक-इनच्या बॅगेबरोबर फ्रँकफर्टला राहिली होती.