भाडेकरूंसाठी तालुक्याला एक ‘घर सहायक’ हवा की नको?

पाटणबोरीची सून

आमच्या केळापूर तालुक्यात भाडेकरू म्हटलं की लोकांना गुरुजी नाहीतर बँकेतले साहेब आठवतात. ते आपलं आपण पाहून घेतात. मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं वेगळी: नवऱ्याने टाकलेली आणि भावाच्या घरी जड झालेली बाई, कापसाच्या हंगामात जिनिंगवर आलेलं जोडपं, पोरांनी घर विकल्यावर स्वतःच्याच गावात खोली शोधत फिरणारी म्हातारी.

आणखी एक जात आहे भाडेकरूंची, तिला कोणीच मोजत नाही. घरकुलवाले. यादीत नाव आलं, जुनं मातीचं घर पाडलं, पहिला हप्ता आला 15 हजारांचा. मग जोतं उठेपर्यंत, रेती मिळेपर्यंत, फोटो काढायला अभियंता येईपर्यंत ते कुटुंब कोणाच्या तरी सपरीत भाडं भरत राहतं. 5 ब्रास रेती फुकट आहे म्हणे, पण ती घाटावर. 1 लाख 20 हजारांच्या मूळ अनुदानात या भाड्याचा एक रुपयाही धरलेला नाही. स्वतःचं घर मिळालं म्हणून बेघर झालेली माणसं मला तरी आमच्याच गावात चार-दोन दिसतात.

इंग्लंडमध्ये अशांसाठी पगारी माणूस असतो. भाडं थकलं तर मालकाशी बोलून हप्ते पाडून घेणं, अर्ज भरणं, आजारी किंवा मारहाणीतून निघालेल्या माणसाचं डोक्यावरचं छप्पर टिकवणं, हेच त्याचं काम. 2017 च्या कायद्याने तर पुढच्या 56 दिवसांत घर जाईल अशी भीती असलेल्याला मदत करणं तिथल्या स्थानिक संस्थांना बंधनकारक केलं. मला त्यांचं सगळं नको. पंचायत समितीत मानधनावर असा एक ‘घर सहायक’ द्या, शक्यतो बाई. तिने मालक-भाडेकरूत एक साधा कागद करून द्यावा आणि ज्याला एकट्याने कचेरीची पायरी चढवत नाही त्याच्यासोबत जावं. बोला.

दोन खोल्यांचा मालक

ताई, तुमाले मालक म्हनजे वाड्यातला पाटील दिसून राह्यला. मी दोन खोल्या काढल्या त्या पोरीच्या लग्नाचं कर्ज फेडाले. भाडं 1,200. मांगचा भाडेकरू रातीतून पसार झाला, लाईटचं बिल माह्या बोडख्यावर. तवा कोन आलं माह्यासोबत कचेरीत?

अन् कागद कशाले म्हनता? राशन कार्डासाठी संमतीपत्र द्या, मंग गॅससाठी द्या, मंग उद्या नमुना 8 वर भोगवटादार म्हनून त्याचंच नाव चढन. मंग काढा बरं त्याले! तोंडी हाये तेच बरं हाये. पटलं तं राहा, नाई तं दुसरी खोली पाहा. तुमचा सहायक आला का मी खोलीले कुलूप लावन अन् त्यात कुटार भरन. मंग कोनाले ठेवसान?

माजी सचिव

मालक भाऊ, संमतीपत्र दिल्याने नमुना 8 वर कोणाचं नाव आपोआप चढत नाही. त्याला अर्ज लागतो, मासिक सभेचा ठराव लागतो. आणि तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही. ही भीती गावोगाव पसरलेली आहे आणि तिचा फायदा नेमका कोणाला होतो ते तुम्हीच शोधा.

पण ताईंच्या मागणीलाही माझा विरोध आहे. उभी नोकरी ग्रामपंचायतीत गेली माझी. वरून नवीन काम आलं की एक नवीन मानधनवाला येतो. रोजगार सेवक आला, आशा आली, घरकुलासाठी कंत्राटी अभियंता आला. एकेका अभियंत्याकडे कितीतरी गावं, वर मानधन कधी जमा होईल याचा नेम नाही. अशा माणसाच्या हातात गरजवंताची फाईल दिली की दोन वर्षांत तो दलाल होतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याचं पोट त्या फाईलवर येतं म्हणून. घरकुलाच्या मागे ‘चहापाणी’ कसं फिरतं हे इथे कोणाला सांगायला नको. तुम्ही आणखी एक खिडकी उघडताय.

कोर्टाच्या पायरीवर

कायद्याचं थोडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, पण तो मुळात अनुसूचीत दिलेल्या शहरांपुरता. खेड्यातल्या खोलीला सहसा 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला त्यातल्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. भांडी बाहेर फेकून कुलूप ठोकलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. खोली कोणाच्या मालकीची हा वाद त्या दाव्यात येतच नाही.

टाकलेल्या बाईसाठी तर याहून चांगली सोय आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तिच्यासाठी दुसरं घर बघायला किंवा त्या घराचं भाडं भरायला सांगू शकतात. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती आहे, विधी स्वयंसेवक आहेत. असलेलं वापरा, नवीन पद कशाला?

पाटणबोरीची सून

वकीलसाहेब (असालच तर), तुम्ही लिहिलं ते सगळं खरं असेल. आता ते त्या बाईपर्यंत कसं जातं ते सांगा. जिची पेटी संध्याकाळी रस्त्यावर ठेवली, ती त्या रात्री कलम शोधत नाही, बहिणीचं गाव गाठते. तिथे निंदणाला जाते, पोरांची शाळा बदलते. 6 महिने कधी गेले हेही तिला कळत नाही. आणि विधी स्वयंसेवक मला तरी शिबिरातच भेटले. पांढरकवड्याला माईक, बॅनर, महिला दिन. ते चूक नाही. पण खोलीच्या दारात उभं राहून “भाऊ, 15 दिवस तरी थांबा” म्हणायला त्यातलं कोणी येत नाही.

सचिवसाहेब, दलालाचं म्हणणं डावलता येणार नाही. पण आज फाईल कोणाच्या हातात आहे? सेतूच्या बाहेर बसणाऱ्याच्या. तो पैसे घेतो आणि कोणाला उत्तरही देत नाही.

दादा, भाड्याच्या आदेशाचं परत एकदा वाचा. तशा बाईला खोली दिली आणि तिने दाद मागितली, तर भाडं नवऱ्याच्या खिशातून येऊ शकतं. 1,200 रुपये बुडण्याची भीती तुम्हालाच आहे ना? मग असा माणूस तुमच्याही कामाचा आहे.

दोन खोल्यांचा मालक

आदेश निंगते हो, पैसा निंगत नाई. नवरा पुण्याले पळून गेला तं तुमचा सहायक जाईन का त्याच्या मांगं?

अन् कागदाचा खर्च पाहा. रीतसर नोंदनी म्हटली का गावात बी 500 फी, वरून स्टॅम्प, वरून ऑनलाईनवाल्याचे वेगळे. 1,200 च्या खोलीवर हे कोन भरन?

चिखलदऱ्याहून

इतका वेळ कागदावर भांडण चाललंय. खोली मागायला गेल्यावर भाड्याच्या आधी काय विचारतात ते कोणी लिहिलंच नाही. “आडनाव काय? कोणत्या लोकांचे?” वीटभट्टी सुटल्यावर परतवाड्यात खोली बघणाऱ्या कोरकू पोराला रिकामी खोलीसुद्धा ‘भरलेली’ असते. एकटी बाई असेल तर “तुमच्याकडे कोण येतं-जातं?” तुमचा घर सहायक त्याच गावचा, त्याच पारावर बसणारा. तो मालकाला काय सांगणार?

म्हणून मला ही मागणीच लहान वाटते. ज्याला जागा नाही त्याला जागा द्या. घरकुल आहे पण जागा नाही, म्हणून यादीत अडकलेले कितीतरी लोक आहेत. जागा खरेदीसाठी 500 चौरस फुटांपर्यंत पूर्वी 50 हजार मिळायचे, आता 1 लाख. पण रस्त्यालगतच्या गावात गावठाणाजवळ त्या पैशात प्लॉट दाखवा मला. सरकारी जागेवरची 1 जानेवारी 2011 आधीची घरं नियमित करायचा निर्णय झाला, तरी फायली पडून आहेत. गायरानावर घर असलेल्यांना 2022 मध्ये उलट नोटिसा आल्या. तुमच्याच भागातल्या कोलाम आदिवासींना केंद्राच्या ‘जनमन’ योजनेत घराला 2 लाख मंजूर झाले, ते चांगलंच आहे. तसंच जागेचंही करा. चांगला भाडेकरू कसं व्हायचं हे शिकवणारा माणूस गरिबाला नको आहे.

पाटणबोरीची सून

जागा द्या, मी कुठे नको म्हणते? पण जागेची फाईल हलेपर्यंत ती बाई झोपणार कुठे? वर्षानुवर्षे भाड्यानेच राहणार ना? आणि ती फाईल हलवायलाही कोणीतरी मागे लागलेलंच हवं.

आडनावाचं मात्र तुम्ही खरं बोललात. यावर माझ्याकडे इतकंच आहे की सहायक दुसऱ्या गावचा असावा आणि खोल्यांची यादी पंचायत समितीत असावी. खोली रिकामी असल्याची नोंद असली की ‘भरली’ म्हणताना मालकाला जरा तरी जड जाईल. जातीचा प्रश्न त्याने सुटतो असं मी म्हणणार नाही.

माजी सचिव

मानधन आणायचं कोणत्या शीर्षातून? ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला-बालकल्याणावर खर्च करावी लागते. त्यातून टाकलेल्या बायकांच्या नोंदणीची फी किंवा एखाद्या महिन्याचं अडलेलं भाडं देता येईल का, हे विचारण्यासारखं आहे. पण आपलं स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी, आणि ती वसूल होते मार्चमध्ये, तीही दाखले अडवले तेव्हा. त्याच्या 10 टक्क्यांत अंगणवाडीच्या सतरंज्या येतात.

तरी ताईंना करूनच पाहायचं असेल तर पद मागू नका. पद म्हटलं की प्रस्ताव मुंबईला जातो आणि तिथेच राहतो. 1 मेच्या ग्रामसभेत फक्त नोंदणी फीचा ठराव मांडा. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. ऐनवेळी माईकवर बोललेलं इतिवृत्तात येत नाही, हे मी इतिवृत्त लिहिणारा म्हणून सांगतो.

दोन खोल्यांचा मालक

फी ग्रामपंचायत भरत असन तं एका खोलीचा कागद करून पाहतो मी. 11 महिन्यांचा, वर नाई. पन सहायकाचा विषय निंगाला तं मी विरोधातच बोलन. ग्रामसभेले येतो.