रिफंड ‘फेल’ दाखवत असेल तर आधी बँक खातं बघा

तुम्ही लिहिलंय की आयकराचा रिफंड अडकलाय, सीए ‘वाट बघा’ म्हणतोय आणि सोसायटीचा मेंटेनन्स दोन महिने थकलाय. वाट बघू नका हो! आमच्या बाबांचं अगदी हेच झालं. एफडीच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँक परस्पर कापते तो कर, कापला गेला (कर लागत नाही, कापू नका असं बँकेला सांगणारा ज्येष्ठांचा १५एच फॉर्म द्यायचा राहिला, चूक आमचीच), रिटर्न वेळेत भरलं, आणि १८,४०० रुपये लटकले. परळहून मी दोनदा चर्चगेटला जायला निघालो होतो, म्हटलं आयकर भवनात जाऊन भांडूच. गरज पडली नाही.

आयकराच्या पोर्टलवर लॉगिन केल्यावर कळलं, रिफंड निघाला होता, पण खात्यात जमाच झाला नाही. बँकेचं विलीनीकरण झालं, आयएफएससी (शाखेचा कोड) बदलला, आणि पोर्टलवर जुनाच. प्रोफाइलमध्ये जाऊन खातं पुन्हा व्हॅलिडेट केलं, म्हणजे पडताळून घेतलं. नाव पॅनवर आहे तसंच बँकेत हवं. बाबांच्या आडनावाचं एक अक्षर वेगळं निघालं, त्यात आठवडा गेला. मग ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रिफंड रीइश्यू’ची, म्हणजे रिफंड पुन्हा पाठवण्याची, विनंती टाकली.

एक विचारायचं राहिलं, रिटर्न ई-व्हेरिफाय (भरल्यावरची ऑनलाइन पडताळणी) केलंत ना? भरल्यापासून ३० दिवसांत केलं नसेल तर घोडं तिथेच अडलेलं असणार. आणि जुनी थकबाकी दाखवत असेल तर त्यात रिफंड वळता करतात, तेही तपासा. त्याची नोटीस येते, तिला उत्तर द्यायला मुदत असते.

वेळेत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडवर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, बाबांच्या रकमेवर महिन्याला ९२ रुपये. ते व्याज मात्र पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं.