तेल सांडलेली बोडी पेटवून साफ करता येते का?

बोडीकाठ
नमस्कार मंडळी. हिंगण्याच्या पलीकडे आमच्या गावची जुनी बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. परवा रात्री वळणावर डिझेलचा टँकर कलंडला आणि बरंचसं डिझेल नाल्याने बोडीच्या वरच्या अंगाला उतरलं. तिथे पाणकणसाचं दाट बन आहे. देठांना वीतभर तेलकट पट्टा बसलाय, हात लावला की बोटं बुळबुळीत होतात. वासाने डोकं चढतं. काठाला मेलेले बेडूक दिसले.

गावातली पोट्टी म्हणतात, काडी लावून द्या, एका रात्रीत साफ. एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, अमेरिकेत सरकारी माणसंच दलदल पेटवत होती. असं खरंच करतात का? आम्ही करावं का? एप्रिल संपत आलाय. पाणी मधल्या खोलगट भागातच उरलंय. पाणकणसाखालची माती ओलसर आहे, पण वर पाणी नाही. काठाला तर भेगा पडल्यात.

धुऱ्यावरचा
भाऊ, पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, धुऱ्यावरचं गवत आपण दरसाल जाळतो. पहिला पाऊस पडला की सगळं हिरवंगार. पाणकणीसही फुटेलच. वारा पडला की जाळा, फक्त ग्रामपंचायतीला सांगून.

काळीमाती
बोडीकाठ दादा, कृपा करून जाळू नका. मी माती हाच विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, अशी दलदल जाळतात. पण ज्या अटीवर जाळतात तीच तुमच्याकडे नाही: मातीवर पाणी हवं.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे मुद्दाम तपासून पाहिलं. किनाऱ्याच्या दलदलीतले मातीचे ठोकळे झाडांसकट काढले, टाकीत ठेवले आणि वर डिझेल किंवा कच्चं तेल पेटवलं. पाण्याची पातळी तीन प्रकारची ठेवली: मातीच्या वर १० सेंटीमीटर, वर २ सेंटीमीटर आणि मातीच्या खाली २ सेंटीमीटर. निष्कर्ष २००५ साली छापून आले. १० सेंटीमीटर पाणी होतं तिथे वर आगीचा लोळ असूनही मातीचा पृष्ठभाग ३५ अंशांच्या आत राहिला, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेपेक्षाही गार. २ सेंटीमीटर पाण्याखाली ४८ अंश. दोन्हीकडे झाडं न जाळलेल्या झाडांइतकीच जोमाने वाढली. पाणी मातीच्या खाली गेलं तिथे मात्र वरच्या अर्ध्या सेंटीमीटरात ९० ते २०० अंश, आणि एक-दोन सेंटीमीटर खोल ५५ ते ७५. त्यातून काही गवतं सावरली, पण स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा आणि सॅजिटेरिया या दलदलीतल्या वनस्पती चांगल्याच मागे पडल्या. पाणकणसाचे कंदही अशाच वरच्या थरात आडवे पसरलेले असतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. याच संशोधनात पाण्यावर तरंगणारं तेल ९५ टक्क्यांहून जास्त जळून गेलं, पण मातीत मुरलेलं तेल आगीने निघालं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात किती खोल फाटते ते तुम्हाला मी सांगायला नको, हात कोपरापर्यंत आत जातो. त्या भेगांत उतरलेल्या डिझेलपर्यंत आग पोचणारच नाही. पाण्यावर दिसणारा सप्तरंगी तवंगही पेटणार नाही. डिझेलचा थर दोन-तीन मिलीमीटर तरी जाड लागतो, त्याहून पातळ असेल तर खालचं पाणी उष्णता ओढून घेतं आणि आग विझते. म्हणजे जळेल ते पाणकणीस आणि देठांना लागलेलं तेल. बाकीचं जागच्या जागी.

धुऱ्यावरचा भाऊ, गवताची आग सरसर पुढे जाते, माती तापायच्या आत. तेलाची आग एकाच जागी उभी राहून इंधन संपेपर्यंत जळते. १९९२ मध्ये टेक्सासच्या चिल्टिपिन क्रीकजवळ पाइपलाइन फुटल्यावर दलदल जाळली होती, ती सावरायला वर्षानुवर्षं गेली.

पाणकोंबडी
व्हिडिओ पाहून पेटवणाऱ्यांनी आसामचं बाघजान आठवावं. २७ मे २०२० ला वायूची विहीर फुटली, ९ जूनला पेटली, विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बीलचे (पाणथळ तलावाचे) आणि तिथल्या मासेमारांचे हाल झाले. ती आग कुणाच्या ताब्यातली नव्हती हे खरं. पण गावातल्या पोट्ट्यांनी लावलेली तरी कुणाच्या ताब्यात राहणार? नवतपा जवळ आलाय, बांधावरचं सगळं गवत वाळून गेलंय.

बोडीकाठ
ताई, पटलं. पण मोटारीने बोडीत १० सेंटीमीटर पाणी चढवलं आणि मग पेटवलं तर?

काळीमाती
पाणी जरूर चढवा, हळूहळू. भेगांतलं थोडं डिझेल त्याने वर तरंगून येईल. पण एकदा तरंगलं की पेटवायचं कशाला? जाळण्याचा मार्ग निवडतात तो मुख्यतः माणूस आणि यंत्र आत नेलं तर तेल चिखलात तुडवलं जाईल अशा ठिकाणी. तुमच्या बोडीला रस्ता आहे. काठावरूनच गोळा करा.

त्याआधी तेल खाली जाणं थांबवा. बोडीच्या सांडव्यावर मातीच्या पोत्यांचा बांध घाला आणि त्यात जाड पीव्हीसी पाइप तिरपा बसवा: बोडीकडचं तोंड तळाशी, बाहेरचं तोंड वर उचललेलं. पाणी तळातून बाहेर जाईल, डिझेल वरच अडकेल. मग धानाचं तणस जाळीच्या पोत्यांत भरून तवंगावर सोडा. काळं पडून जड झालं की काढून नवीन घाला. पाणकणीस उपटू नका. देठ काढायचेच असतील तर पाण्याच्या वर कापा, आणि बनात शिरू नका, काठावर फळ्या टाकून उभे राहा.

आजच तहसील कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या. पंचनाम्यात बोडीचा उल्लेख हवाच, नुसता रस्ता आणि टँकर नको. साफसफाईचा खर्च टँकरवाल्याकडून मागायचा तर तोच कागद लागेल.

बोडीकाठ
पोती भरायला घेतलीत. गुरांना त्या बाजूला सोडणं बंद केलंय. तेलाचं तणस कुठे टाकायचं?

काळीमाती
उकिरड्यावर नाही आणि चुलीत तर मुळीच नाही. झाकणाच्या ड्रममध्ये, सावलीत, विडी-काडीपासून लांब. बुटीबोरीला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे. ड्रम तिथे पोचवायची मागणी त्याच अर्जात लिहा. आणि पोती ओढणाऱ्या सगळ्यांना रबरी हातमोजे द्या, डिझेलने कातडी सोलते.