मदत हवी आहे: वयस्कर पेशंट, बीआयएसचा आकडा आणि भुलेचा डोस

भूलतज्ज्ञ मंडळी, जरा सांगा. बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल आहे ते सांगणारा मॉनिटरवरचा आकडा) ४० ते ६० मध्ये ठेवायचा हे ठीक, पण सत्तरी ओलांडलेल्या पेशंटच्या बाबतीत माझा या आकड्यावरचा विश्वास उडत चाललाय. थोडं केटामीन (भुलेचं एक औषध) दिलं की भूल पुरेशी असूनही आकडा वर चढतो. कपाळाचे स्नायू ताणले गेले तरी तेच. उलट प्रोपोफॉल हे भुलेचं औषध नेहमीइतकंच चालू असतं आणि स्क्रीनवर रेषा सपाट, मग लाटांची उसळी, पुन्हा सपाट. म्हणजे त्या मेंदूला डोस जास्तच झाला ना? अशा वेळी तुम्ही तो टप्प्याटप्प्याने उतरवता की एकदम? आणि आकडा बाजूला ठेवून नुसता ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख), स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वारंवारतेच्या लहरी किती जोरात आहेत ते रंगांत दाखवणारा आलेख) वाचायची सवय कशी लावलीत? या वयात स्पेक्ट्रोग्रामवरचा अल्फा लहरींचा पट्टा मुळातच फिका दिसतो, तिथेच माझं घोडं अडतं.