'मॉलिक्युलर स्विच'साठी मराठी शब्द: खटका, कळ की आणखी काही?

दांडियाबाजार:
पुतणी इथेच वडोदऱ्यात एमएस्सी करतेय. पेशीतल्या मालवाहतुकीवर तिला मराठीत दहा मिनिटं बोलायचंय. 'व्हेसिकल'ला (पेशीत माल नेणारी इवलीशी पिशवी) पुटिका मिळाला, गाडी अडलीय रॅब प्रथिनांपाशी. पुस्तकात त्यांना 'मॉलिक्युलर स्विच' म्हटलंय. मी 'खटका' सुचवला, आमच्या आईचा शब्द. चालेल?

रावपुरा:
खटका म्हटलं की मला आधी दोन जावांमधला आठवतो. 'कळ' घ्या. तीही पोटात येते म्हणा, पण 'कळ दाबली' कुणालाही समजतं. आमच्या घरात तर सरळ गुजराती 'चांप'!

कारेलीबाग:
आधी रॅब काय करतं ते बघू. त्याच्या खाचेत जीडीपी बसलेला असतो (अर्थखात्याचा नव्हे, दोन फॉस्फेटवाला एक छोटा रेणू). तो असेपर्यंत रॅब निष्क्रिय. जीईएफ नावाचं प्रथिन खाच सैल करतं, जीडीपी निसटतो. पेशीत जीटीपी (तीन फॉस्फेटवाला त्याचाच भाऊ) मुबलक, त्यामुळे रिकाम्या जागी बहुतेक वेळा तोच येऊन बसतो. आता रॅब पुटिकेच्या पटलाला धरून राहतं आणि पुढच्या प्रथिनांना बोलावतं: कुणी पुटिका ओढून नेतं, कुणी ती ठिकाणावर अडकवतं.

खटका आणि कळ इथेच कमी पडतात. दिव्याचं बटण तुम्ही बंद करेपर्यंत चालूच राहतं. रॅब मात्र जीटीपीचा एक फॉस्फेट स्वतःच तोडून हळूहळू बंद पडतं. जीएपी प्रथिनं तेच काम झपाट्यानं उरकून घेतात. म्हणून मी म्हणेन 'किल्ली'. घड्याळाला किल्ली देतात तशी. जीईएफ किल्ली देतो, जीएपी ती लवकर उतरवतो.

माणसात साठाहून जास्त रॅब आहेत, ज्याचा त्याचा टप्पा ठरलेला. रॅब २७ए बिघडलं तर रंगद्रव्याच्या पुटिका पेशीच्या कडेला न टिकता केंद्रकाभोवती गोळा होतात, आणि मुलाचे केस चंदेरी दिसतात. ग्रिसेली सिंड्रोमचा एक प्रकार तो हाच.

रावपुरा:
किल्ली मान्य. फक्त 'किल्ली' म्हटल्यावर लोक कुलूप शोधतील. 'किल्ली भरलेलं रॅब', 'किल्ली उतरलेलं रॅब' असं पूर्ण म्हणायला सांगा.

दांडियाबाजार:
पुतणीला वाचून दाखवलं. तिला सगळं पटलं. मग विचारते, "काका, पण घड्याळाला किल्ली देतात म्हणजे नेमकं काय करतात?"