मुजफ्फरपूरला जन्मलेला माणूस स्कॉटलंडकडून रग्बी कसा काय खेळला?

नेरुळचा नाना:
सोसायटीच्या गणपतीत यंदा क्विझ माझ्या गळ्यात पडलीये. स्पोर्ट्स राऊंडसाठी काहीतरी हटके शोधत होतो तर सेसिल अॅबरक्रॉम्बी हे नाव सापडलं. जन्म १८८६, मुजफ्फरपूर (आताचं बिहार), आणि स्कॉटलंडकडून १९१० ते १९१३ मध्ये ६ इंटरनॅशनल. आता इथे जन्मला तर स्कॉटलंडचा कसा, आणि चार सीझनमध्ये सहाच मॅच म्हणजे किरकोळ प्लेअर होता का? तसं असेल तर प्रश्न ड्रॉप करतो, आमच्याकडे क्रिकेट सोडून कोणी काही ऐकून घेत नाही.

घोडबंदर एक्सप्रेस:
ड्रॉप नका करू हो. साहेबाची पोरं इथे जन्मायची आणि शिकायला तिकडे जायची, त्यात काही विशेष नाही. एरिक लिडेल तर चीनमध्ये जन्मला, तोही स्कॉटलंडकडून रग्बी खेळला आणि मग १९२४ ला ऑलिम्पिक गोल्ड. आणि सहा मॅच कमी नाहीत, तेव्हा वर्षाला चारच्या आसपास मॅच असायच्या, वेल्स, आयर्लंड, इंग्लंड आणि १९१० पासून फ्रान्स, त्यात हा रॉयल नेव्हीत अधिकारी, म्हणजे पगार नेव्हीचा, रग्बी फुकट, आणि जहाज निघालं की मॅच गेली. फॉरवर्ड होता, म्हणजे पुढच्या फळीत धक्काबुक्की करणारा. १९११ ला पॅरिसमध्ये फ्रान्सने स्कॉटलंडला १६-१५ हरवलं, फ्रान्सची पहिलीच इंटरनॅशनल जीत, त्या टीममध्ये हा होता बिचारा.

कळव्याचा कट्टेकरी:
अहो क्रिकेटच हवंय ना, मग घ्या की! हाच माणूस हॅम्पशायर या इंग्लिश काऊंटीकडून १९१३ ला क्रिकेट खेळला, पहिल्याच मॅचमध्ये सेंच्युरी (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीविरुद्ध १२६), आणि लेटनला एसेक्सविरुद्ध जॉर्ज ब्राऊनबरोबर सातव्या विकेटसाठी ३२५!! काऊंटीचा तो रेकॉर्ड शंभर वर्षांनंतरही टिकून होता. माझं मत विचाराल तर बॅट्समन म्हणूनच तो जास्त मोठा झाला असता, पण १९१४ ला युद्ध लागलं. ३१ मे १९१६, ब्रिटिश आणि जर्मन नेव्हीची जटलंडची लढाई, याची डिफेन्स नावाची क्रूझर स्फोट होऊन बुडाली, सुमारे ९०० जण होते, एकही वाचला नाही. वय ३०.

नेरुळचा नाना:
बाप रे. हे माहीतच नव्हतं. ठेवतोच आता.

घोडबंदर एक्सप्रेस:
अजून एक घ्या. १९१० ला तो इंग्लंडविरुद्ध खेळला, ती मॅच कलकत्ता कपसाठी असते. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद झाला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि १८७८ ला तो कप बनवला, हँडल म्हणून तीन नाग, झाकणावर हत्ती. मुजफ्फरपूरही तेव्हा बंगालमध्येच. प्रश्न असा टाका, 'आपल्या रुपयांपासून बनलेल्या कपसाठी कोणते दोन देश भांडतात?' नुसतं अॅबरक्रॉम्बी विचारलंत तर दोनशे फ्लॅटमधून एकही हात वर येणार नाही.